एकशे एकोणपन्नास चिंध्या

प्रश्न चौथा. खाली दिलेल्या पाच रेघा पट्टीने मोजा व त्यांची लांबी लिहा. गुण दहा.

उत्तर. (अ) सात सेंटिमीटर चार मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा मिलिमीटर. (आ) अकरा सेंटिमीटर, अधिक-उणे अर्धा मिलिमीटर. (इ) ही रेघ जाड छापली आहे म्हणून अधिक-उणे एक मिलिमीटर.

बाकीच्या दोन रेघांचीही अशीच उत्तरं. खाली लाल शाईत भोपळा. भोपळ्याखाली शेरा: उत्तर एकच असते. आगाऊपणा करू नये. पालकांनी भेटावे.

विशाखा कोंडीराम ओव्हाळ. इयत्ता सहावी ब. मार्च १९७४.

*

किसननं शेरा दोनदा वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि धाकट्या भावाकडे बघितलं.

"कोंडीराम, हे काय आहे?"

"पेपर हाय."

"ते दिसतंय मला. भोपळा दिसतोय का तुला?"

"दिसतोय की. चांगला गोल काढलाय."

चुलीपाशी कोंडीरामच्या बायकोनं, कस्तुरानं, भाकरी थापता थापता हात थांबवला. पण हसली नाही. दारात बसलेली सोजरबाई मात्र लेकावर कडाडली, "गप रं! थोरल्या भावाशी बोलायची ही रीत हाय व्हय?"

किसन पुण्याहून सकाळच्या बसनं आला होता, किरकोळ रजा टाकून. पुण्यातल्या मास्तराला गुरुवारी रजाच टाकावी लागते. इकडे सगळं उलटं. या पट्ट्यात कारखान्यांची वीज गुरुवारी बंद, म्हणून कंपन्या गुरुवारी बंद, म्हणून बाप गुरुवारी घरी आणि पोरं शाळेत. रविवारी पोरं घरी आणि बाप मशीनवर. अख्ख्या काळेवाडीत बाप आणि पोरं एकमेकांना उजेडात भेटायची ती दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. कोंडीरामनं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. महिन्यातून एका गुरुवारी तो विशाखाला शाळेत पाठवत नसे.

"जूनपासून आठ गुरुवार," किसन म्हणाला. "प्रगतिपुस्तकात लिहिलंय. आठ दिवस गैरहजर, कारण शून्य. आजचा नववा. कुठं नेतोस तिला?"

"कुठं म्हंजे, नदीला. टेकडीवर. खाणीकडं."

"कशाला?"

"शिकायला."

"मग शाळा कशासाठी आहे?"

"शाळा हायेच की. बाकीचे दिवस जाती ना ती." कोंडीराम सरसावून बसला. कंपनीत तो तपासणी खात्यात होता. हेल्पर म्हणून चिकटला तो सात वर्षांत गेज रूमपर्यंत, मापं तपासायच्या खोलीपर्यंत, पोचला होता. "दादा, एक सांगू? तिनं लिवलंय ते चुकलंय कुठं? आमच्याकडं नुसता आकडा लिवून दिला तर साहेब कागद परत करतो. म्हणतो, कोंडीराम, किती चूक धरू तेवढं सांग, न्हाईतर हे माप न्हवं, अंदाज हाय."

"ती तुझी गेज रूम आहे. ही सहावी आहे."

"रेघ रेघच की दोन्हीकडं."

"कोंडीराम!" किसनचा आवाज चढला. "मी पायरीवर बसून शिकलो. आठवतंय ना? आत जागा असून पायरीवर. ऊन यायचं तसा सरकत सरकत शिकलो, पण एक दिवस चुकवला नाही. आणि तुझ्या पोरीला बाकावर जागा मिळालीय, तर तू तिला उठवून नदीवर नेतोस?"

सोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. किसनला भाकरी बांधून देऊन शाळेत धाडणारी तीच होती. तिच्या हिशेबी शाळेचा दिवस बुडवणं म्हणजे पाप होतं.

"त्याचं बराबर हाय, कोंडू," ती म्हणाली. "पोरीला त्याच्याकडं धाड. जूनपासनं पुण्यात शिकंल. त्याच्या घरात दुसरं लेकरू न्हाई. जिवापाड करतील दोगं."

म्हणजे या मायलेकांचं हे आधीच ठरलं होतं. कोंडीरामनं आईकडे बघितलं, मग भावाकडे.

"दादा, हा पेपर तुझ्याकडं आला कसा?"

किसन चष्म्याशी चाळा करत राहिला. भाकरीचा वास सुटला होता, मग करपल्याचा.

"मी धाडला," कस्तुरा म्हणाली. "पाकिटात घालून."

*

ती. भावजींस कस्तुराचा सप्रेम जयभीम.

हे पत्र माझ्या हातचं आहे, साक्षरता वर्गात शिकले तेवढ्यात लिहिते. सोबत विशाखाचा पेपर आहे. या पेपरासाठी तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती रडली नाही त्याचं मला जास्त लागलं. घरी येऊन म्हणाली, आई, मी बरोबर आहे. भावजी, मला अक्षर येतं पण गणित येत नाही. ती बरोबर आहे का चूक ते मला कळत नाही. ह्यांना विचारलं तर ते हसतात. गुरुजींना विचारलं तर ते रागावतात. माझी पोर हसणं आणि रागावणं यांच्यामध्ये उभी आहे. तुम्ही शिकवता तिथं तिला न्या. तिथं कुणीतरी तिला सांगेल की चुकलीस तर कुठं चुकलीस.

ह्यांना सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.

*

कोंडीरामच्या वहीतून. वही कंपनीच्या रद्द तक्त्यांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेली.

जुलै. चिखलीच्या वाटेवर दगडखाण. खाणवाला घण मारतो तो आधी दिसतो, आवाज मागून येतो. उत्पला (धाकटी, वय चार) म्हणाली, त्याचा आवाज लंगडा आहे. विशाखा मागं मागं चालत गेली, आवाज आणखी मागं पडत गेला. किती पावलांवर किती मागं, ते मोजायला घड्याळ हवं. घड्याळ नाही. नाडीचे ठोके धरले.

सप्टेंबर. कंपनीच्या धुराड्याची सावली. हातभर काठीची सावली. दोन्ही एकाच वेळी मोजायच्या, नाहीतर सूर्य हलतो. पोरीनं धुराडं शहाण्णव फूट काढलं, अधिक-उणे तीन. मेंटेनन्सच्या सोनबाला विचारलं. म्हणाला, पंच्याण्णव. पोरीला सांगितलं. तिनं शेजारच्या सगळ्या घरांना सांगितलं.

नोव्हेंबर. टेकडी. विशाखा बाभळीवरून पडली. कोपर सोललं. किती उंचीवरून पडली ते मोजल्याशिवाय खाली यायला तयार नाही, म्हणजे पुन्हा वर चढली. आईला सांगायचं नाही असं ठरलं. उत्पलानं सांगितलं.

जानेवारी. नदी. बगळे मोजले. उत्पलाला वीसपर्यंत येतं. बगळे तेवीस होते. शेवटच्या तिघांना तिनं नावं दिली.

मार्च. नदीची रुंदी. नदी न ओलांडता.

*

नदीच्या मापाची दोरी आणायला विशाखा घरामागे गेली होती. दोरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन ती दारात आली तेव्हा घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दोरी अंबाडीची, एकशे सत्तर फूट. सोमवारी कोंडीरामनं फर्स्ट शिफ्टवरून येऊन तिच्यावर टेपनं मापून फुटाफुटाला चिंधी बांधली होती, दर दहाव्या फुटाला लाल. चिंध्या सोजरबाईच्या जुन्या लुगड्यांच्या. विशाखा आधी मोजणार, मग भोई नावेतून दोरी पलीकडे नेणार आणि खरंखोटं करणार, असा बेत होता.

"काका, तुम्ही पण येताय?" विशाखानं विचारलं.

किसननं पोरीकडे बघितलं. कोपराला वाळलेला जुना व्रण, खांद्यावर तिला न झेपणारी दोरी. त्याला एकदम सुचलं, आणि सुचलं तसं तो बोलून गेला. "येतो. मोजून दाखव. मीही बघतो या गुरुवारच्या शाळेत काय शिकवतात."

"नुसतं बघू नको," कोंडीराम उठला. कस्तुराकडे न बघता म्हणाला, "तिचं माप चुकलं तर जूनपासनं घेऊन जा तिला. मी ब्र काढणार न्हाई. बराबर निघालं तर हा विषय या घरात पुन्हा न्हाई. कबूल?"

"पैज लावतोस पोरीवर?"

"तू तिचा पेपर तपासायला आलायस ना? मग तपास."

"कबूल," किसन म्हणाला.

विशाखा दारातच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

*

पवनेवर वर धरण झाल्यापासून मार्चमध्येही पात्रात पाणी असायचं. काळेवाडीच्या बाजूला काठ सपाट आहे, पलीकडे एक करंज पाण्यावर वाकलेला.

विशाखानं करंजाच्या बुंध्याच्या नेमकं समोर, पाण्याच्या कडेला खुंटी ठोकली. खुंटीवर लाकडी गुण्या धरला आणि काटकोनात, काठाकाठानं, बापाच्या, म्हणजे अण्णांच्या, टेपनं चाळीस फूट मोजले.

"आजी, इथं उभी राहा."

"मी? मी कशाला?"

"काठी म्हणून."

"भले! आता मला काठी केली!" पण सोजरबाई उभी राहिली. आयुष्यभर डोक्यावर घमेली वाहिलेली बाई. याच पट्ट्यातल्या दोन कंपन्यांच्या पायात तिनं वाहिलेली खडी होती. मान अशी सरळ, की विशाखाला दुसरी काठी रोवायची गरज नव्हती.

"हलू नको हां."

"न्हाई गं बाई. श्वास घेऊ का?"

तिथून आणखी दहा फूट पुढे दुसरी खुंटी. आता विशाखानं नदीकडे पाठ केली आणि खुंटीपासून काटकोनात शेताच्या बाजूला चालायला लागली. दोन पावलं टाकायची आणि मागं वळून बघायचं. आजी आणि करंज. अजून दोन पावलं. आजी करंजाच्या डावीकडे होती, ती हळूहळू करंजाकडे सरकत होती. खरं तर आजी जागची हलत नव्हती आणि करंजही हलत नव्हता, हलत होती ती विशाखाच. तिला हा भाग सगळ्यात आवडायचा. आपण चालतो आणि जग जागा बदलतं. शेवटी आजीनं करंजाचा बुंधा पूर्ण झाकला.

ती जिथल्या तिथे बसली. पायाशी खूण केली. अण्णांनी टेप धरला. साडेपस्तीस फूट.

किसन डायरी उघडून शेजारी उभा होता. तो गणिताचा मास्तर, त्याला पद्धत कळली होती. दोन त्रिकोण, एक मोठा, एक छोटा, आकार एकच. वर्गात तो हे फळ्यावर आठवीला शिकवत असे. फळ्यावर नदी म्हणजे दोन रेघा. त्यानं खरी नदी कधी मोजली नव्हती.

"चाळीस दहाच्या चौपट," विशाखा म्हणाली, "म्हणून नदी साडेपस्तीसच्या चौपट. एकशे बेचाळीस फूट."

"एकशे बेचाळीस. लिहू?"

"थांबा, काका. आजी थोडी हलली असेल..."

"मी न्हाई हलले!"

"...आणि बुंधा जाड आहे. त्याच्या मध्याला नजर लावली का कडेला, ते सांगता येत नाही. माझी इथं फूटभर चूक असेल. इथं फूटभर, म्हणजे नदीवर चार फूट. एकशे बेचाळीस, अधिक-उणे चार. आता लिहा."

किसननं लिहिलं. सगळं लिहिलं.

*

भोई नव्हता. त्याची नाव दापोडीच्या बाजूला गेली होती, संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

कोंडीरामला पोहता येत नव्हतं. किसनला येत नव्हतं. दोघे भाऊ भेंडोळ्याच्या दोन बाजूंना उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"द्या इकडं," कस्तुरा म्हणाली.

"कस्तुरा, पाणी गार हाय. नाव येऊ दे."

"द्या म्हणते ना. भीमेच्या काठची हाय मी."

आणि तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, दोरीचं टोक कमरेला दोन वेढे देऊन बांधलं, थोरल्या दिरासमोर पाण्यात उतरायचं म्हणून क्षणभर थांबली, मग थांबली नाही, पाणी पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना लागलं, आणि लग्नानंतर तेरा वर्षांनी पहिल्यांदा तिनं पाय तळावरून सोडले, आणि तिला कळलं की हात विसरलेले नाहीत, मागे नवरा दोरी सोडतोय ते कमरेला कळत होतं, एक एक चिंधी पाण्यात उतरत होती, सासूची लुगडी तिच्यामागे रांगेनं पोहत येत होती, आणि मध्यधारेत ओढ लागली तेव्हा तिच्या मनात आलं, मी हे कुणाच्या बाजूनं करतेय, पत्र तर मी लिहिलं, पोरगी चुकली तर माझं म्हणणं खरं ठरेल, आणि तिनं हात जोरात मारले, कारण तिला पोरगी चुकायला नको होती, आणि ती जायलाही हवी होती, आणि ही दोन्ही मापं एका रेघेची होती, आणि मग पायाला चिखल लागला.

तिनं करंजाच्या बुंध्याला दोरी टेकवली आणि हात वर केला.

*

दोघा भावांनी दोरी ताणली. पाण्यातून उठून ती ठिबकत हवेत आली. उत्पला टाळ्या वाजवायला लागली, सोजरबाईनं तिला गप्प केलं.

किसन मोजत गेला. लाल, लाल, लाल. चौदा लाल. नंतर साध्या नऊ. खुंटीवर बोट ठेवून तो थांबला.

"एकशे एकोणपन्नास."

पुन्हा मोजलं. एकशे एकोणपन्नास.

चार फूट चूक धरली तरी एकशे सेहेचाळीसपर्यंतच जात होतं. वर तीन फूट उरत होते.

किसनला आनंद व्हायला हवा होता. त्यानं डायरी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"एवढ्या लहान पोरीनं एवढं जवळ..." तो म्हणाला. "कोंडीराम, सात फुटांचा फरक म्हणजे काहीच नाही रे."

"न्हाई दादा." कोंडीरामचा चेहरा दगडासारखा झाला होता. "तिनं चार सांगितले. चारच्या भाईर म्हंजे रिजेक्ट. आपलं पोर म्हणून पास करायचं न्हाई. जूनला ने."

पलीकडून कस्तुराचा आवाज आला. "काऽऽय झाऽऽलं?"

किसननं थांब म्हणून हात वर केला.

विशाखा रडत नव्हती. ती दोरीकडे बघत होती. भावांनी ओढलेली जादा दोरी खुंटीमागे गवतावर पडली होती. तिचा थोडा भाग ओला, शेवटचं शेपूट कोरडं.

"अण्णा, दोरी कधी मोजली?"

"सोमवारी. टेपनं. एक एक फूट मोजून चिंधी बांधली, तू व्हतीस ना."

"सोमवारी कोरडी होती."

"मग?"

"आता ओली आहे."

कोंडीराम तिच्याकडे बघतच राहिला. सोजरबाई मात्र दोन पावलं पुढे आली. आजच्या दिवसात ती पहिल्यांदाच किसनची बाजू सोडून बोलली. "अरं बाजंला पानी का मारतो आपण? ढिली पडली, की मारतो ना? सुंभ आवळतंय. मंग हे न्हाई का आवळायचं? तुमी दोगं शिकल्याली मान्सं, एकाच्या बी ध्यानात कसं आलं न्हाई?"

कोंडीराम गुडघ्यावर बसला. आधी कोरडं शेपूट. दोन लाल चिंध्यांमध्ये टेप धरला. दहा फूट, केसाचाही फरक नाही. मग नदीतून आलेला ओला भाग. दोन लाल चिंध्या.

"किती?" किसन खाली वाकला.

"नऊ फूट सात इंच."

"पुन्हा बघ."

"नऊ सात. दहा फुटाला पाच इंच कमी."

किसननं हातातली डायरी बाजूला ठेवली. काडी उचलून वाळूवरच गणित मांडलं, वर्गातल्या पोरासारखं उकिडवं बसून. फुटाला अर्धा इंच. एकशे एकोणपन्नास अर्धे इंच. म्हणजे साडेचौऱ्याहत्तर इंच. म्हणजे सहा फूट अडीच इंच. ते वजा.

"एकशे बेचाळीस फूट," तो म्हणाला, "साडेनऊ इंच."

मग त्याचा आवाज असा फुटला की पलीकडे करंजावरचे बगळे उडाले. "कस्तुराऽऽ! बरोबर हाय! पोरगी बरोबर हाऽऽय!" पुण्यात बावीस वर्षं राहिलेल्या मास्तराच्या तोंडून 'हाय' गेलेलं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पलीकडच्या काठावर ओली कस्तुरा मटकन खाली बसली.

कोंडीराम अजून गुडघ्यांवरच होता. "रोज सकाळी," तो पोरीला म्हणाला, "काम सुरू करायच्या आधी आमी गेज तपासतो. माप घ्यायचं हत्यारच आधी मापायचं. सात वर्सं करतोय. आणि आज माझ्या हातची दोरी म्हणून तपासली न्हाई." आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं भावाचा दंड पकडला. "दादा, चूक माझी व्हती. पोरीनं काढली. बघितलंस ना? तू साक्षी हाईस. माझी चूक काढली तिनं!"

स्वतःची चूक एवढ्या अभिमानानं सांगणारा माणूस किसननं आजवर बघितला नव्हता.

*

कस्तुरा परत आली ती दोरी धरून. सोजरबाईनं तिला आपलं कांबळं गुंडाळलं आणि सुनेचे केस स्वतः पुसले. असं तिनं यापूर्वी कधी केलं नव्हतं.

"झालं मग," किसन म्हणाला. "हरलो मी. शब्द दिलाय, विषय संपला."

"न्हाई संपला," कस्तुरा म्हणाली. दात वाजत होते, तरी शब्द नीट येत होते. "पैज तुमी दोघांनी लावली. मोजलं तिनं. तिला कुणी विचारलं का, तिला काय पायजे ते?"

कोंडीराम चमकला. "अगं, जिंकलो ना आपण."

"तुमी जिंकलात. मी पत्र लिवलं ते काय उगीच लिवलं व्हय? ती बराबर हाय हे आज कळलं मला. उद्या तिचे प्रश्न तुमच्या टेपच्या भाईर जातील, तेव्हा कुणाला विचारायचं तिनं? विशाखा, तू सांग. जायचं का काकांकडं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. विशाखानं उत्तर द्यायला वेळ घेतला. गवतावरची दोरी ती हातावर गुंडाळत होती.

"काका, तुमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे ना?"

"आहे की! कपाटं आहेत, तराजू आहेत, भिंगं आहेत. उष्णतामापक आहेत."

"मग जायला आवडेल मला," विशाखा म्हणाली.

कोंडीरामनं मान हलवली. हळू, पण हलवली.

"तिथं मुलींना हात लावू देतात?"

किसन काहीतरी बोलणार होता. मग थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचा विज्ञानाचा तास आला. टेबलाभोवती मुलं, मुलांच्या हातात उपकरणं. मुली खिडकीपाशी रांगेत, वह्या उघडून. मुलं आकडे सांगणार, मुली उतरवून घेणार. उपकरणं अकरा, पोरं चव्वेचाळीस, म्हणून ही पद्धत. त्याच्या आधीपासून होती. त्यानं ती चौदा वर्षं चालवली होती, आणि ती पद्धत आहे हे त्याला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. पोरीच्या डोळ्यांत बघून जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "मुली बघतात. आकडे उतरवून घेतात."

"दुसऱ्यांनी मोजलेले?"

"हो."

"मग मी येऊन काय करू?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. कोंडीराम भावाच्या बाजूनं काहीतरी बोलू पाहत होता, कस्तुरानं त्याला हातानं थांबवलं.

"तुम्ही तिथं मास्तर आहात ना, काका?" विशाखा म्हणाली. "तुम्ही आधी ते बदला. मग मी येते."

"न्हाई जमलं त्याला, तर?" सोजरबाईनं विचारलं.

"मग नाही येणार."

सोजरबाई थोरल्या लेकाकडे वळली. पायरीवर बसून शिकलेला तिचा किसन, घरातला पहिला मॅट्रिक, आज वाळूत गुडघे मळलेला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलंस न्हवं, मास्तर? जूनला फार दिस न्हाईत. लाग कामाला."

"हो, आई," किसन म्हणाला.

*

पहिला खर्डा, शनिवार, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात:

मा. मुख्याध्यापक यांसी. विषय: प्रयोगशाळेत विद्यार्थिनींना उपकरणे स्वतः हाताळू देणेबाबत. महोदय, आधुनिक काळात स्त्रीशिक्षणाचे महत्त्व सर्वांस विदितच आहे...

सगळा खोडलेला.

दुसरा खर्डा:

महोदय, काळेवाडी येथील सहावीतील एका विद्यार्थिनीने नुकतेच...

'एका विद्यार्थिनीने' खोडलेलं. तिथेच कागद संपवलेला.

तिसरा, शाईनं, दिलेला:

महोदय,

गेली चौदा वर्षे मी या शाळेत गणित व विज्ञान शिकवतो. माझ्या तासाला मुले मापे घेतात व मुली ती उतरवून घेतात. ही पद्धत मी सुरू केली नाही, परंतु चौदा वर्षे चालवली, सबब तिची जबाबदारी माझी आहे. जूनपासून प्रत्येक उपकरणावर दोन मुले व दोन मुली असाव्यात. वेळ पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. शाळेआधी एक तास मी विनावेतन घेईन.

माझी पुतणी कु. विशाखा कोंडीराम ओव्हाळ, वय वर्षे अकरा, हिने पवना नदीची रुंदी काठावर उभे राहून मोजली, व तिच्या मापाचा पडताळा घेण्यासाठी आणलेले साधनच सदोष आहे, हे माझ्यासमोर सिद्ध केले. मी स्वतः तेथे हजर असून ते मला दिसले नव्हते. ही मुलगी आपल्या शाळेत यावी, अशी माझी फार इच्छा आहे. वरील बदल होईपर्यंत येणार नाही, असे तिने मला कळवले आहे.

आपली परवानगी मिळाल्यास मी तिला तसे कळवीन. न मिळाल्यास, काळेवाडीस येऊन आपणच तिला कारण सांगावे, ही नम्र विनंती. रस्ता मी दाखवीन. येताना गुरुवार निवडावा. त्या दिवशी तिचे वडील घरी असतात.

आपला विश्वासू,
कि. धों. ओव्हाळ